ईडा टीचरचे अठ्ठेचाळीस ठोके

ईडा टीचरना राग आला होता, पण चढत नव्हता.

पाणंदीच्या तोंडाशी, सत्यवानच्या लोखंडी गेटसमोर, त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मोठ्या गेटला महिनाभर कुलूप होतंच. आज गेटातल्या लहान दारालाही कडी बसली होती आणि तिच्यात नवंकोरं पितळी कुलूप लोंबत होतं. ते पाहून कुणाही सरळ माणसाचं डोकं फिरलं असतं. टीचर तर पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं डोकं फिरायला एवढं कारणही लागत नसे. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते एवढंच:

"सत्यवान, ह्या दुसरा कुलूप तूच लावलंस काय रे?"

बाजारात बांगड्याचा भाव विचारावा, तसा आवाज!

गेटच्या आत सत्यवान आपल्या नव्या होमस्टेच्या भिंतीवर पाणी मारत होता. टीचर दिसताच ओरडा खायच्या तयारीने त्याने खांदे वर घेतले होते. ते हळूहळू खाली आले. पाइप टाकून तो गेटाशी आला.

"होय टीचर. रातीचा फक्त लावतलंय. गेस्ट लोक घाबारतत," तो म्हणाला आणि मग खरोखरच्या काळजीने त्याने विचारलं, "तुमची तब्येत बरी नाय काय?"

उभ्या आयुष्यात टीचरचा एवढा अपमान कुणी केला नव्हता. त्याने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्या तशाच वळल्या आणि घरी आल्या. हात गार, पाय गार, डोक्यात जाळ, आणि छातीत मात्र दुपारी तीन वाजता सरकारी कचेरीत असते तशी शांतता.

हा सगळा त्या गोळीचा प्रताप होता.

आरोंद्याच्या खाडीकाठी ख्रिस्ती लोकांची चार घरं आहेत. त्यातलं शेवटचं ईडा टीचरचं. रस्त्यापासून या घरांपर्यंत एक पाणंद जाते, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, मधून रिक्षा जेमतेम जाईल एवढी. टीचरच्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासून माणसं तिथून येत-जात होती, लग्नाच्या वराती गेल्या होत्या, शवपेट्या गेल्या होत्या. सगळेच वापरतात म्हटल्यावर ती कुठे लिहून ठेवायला हवी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सत्यवानने दोन्ही बाजूंची जमीन घेतली, होमस्टे बांधायला काढला, आणि एके दिवशी पाणंदीच्या तोंडाला गेट ठोकून मोकळा झाला. का, तर गेस्टना प्रायव्हसी लागते. म्हणजे मुंबईहून दोन दिवस येणाऱ्याला प्रायव्हसी, आणि इथे जन्म काढलेल्याने गडग्यावरून उड्या माराव्यात!

गेट बसलं त्या दिवशी टीचर सत्यवानला पाऊण तास बोलल्या. पलीकडच्या तीरावरची माणसं काम थांबवून ऐकत होती म्हणतात. सत्यवान कंटाळून, कुलूप लावून सावंतवाडीला निघून गेला, तरी टीचर बोलतच होत्या. आणि अचानक त्यांच्या छातीत असं काही धडधडू लागलं की त्या मटकन खाली बसल्या. शेजारची एलिना कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र घेऊन धावली. त्यावर आकडा होता एकशेबावन्न. पुतण्या केव्हिनची रिक्षा गेटपलीकडे रस्त्यावर, टीचर अलीकडे. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पण खुर्ची लहान दारातून जाईना. शेवटी केव्हिन आणि बाप्तिस्त, म्हणजे टीचरचे यजमान, यांनी खुर्चीसकट त्यांना गडग्यावरून पलीकडे उतरवलं. बाप्तिस्त सत्तरीचे; जन्म बोटीवर कुक म्हणून गेलेला. गडग्यावर असताना त्यांचा पाय एकदा सटकला होता. ते कुणी बोललं नाही, पण पुढच्या वेळी काय, हा प्रश्न तेव्हापासून घरात मुक्कामाला आला होता.

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि सांगितलं, "हृदय चांगलं आहे, फक्त फार पळतं. ही गोळी त्याला लगाम घालील. रोज सकाळी एक. आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. एकदम तर मुळीच नाही."

"आणि रागाचं काय?" बाप्तिस्तने आशेने विचारलं होतं.

"त्याला अजून गोळी निघालेली नाही," डॉक्टर म्हणाले. ते चुकत होते.

घरी आल्यावर केव्हिनने मोबाइलवर गोळीची कुंडली काढून वाचली. "आंटी, ऐक. हातपाय थंड पडतत. थकवा येता. नाडी मंद होता. कधी चक्कर. काय जणांक चित्रविचित्र सपना पडतत."

"ह्या सगळा नाजूक माणसांका होता," टीचर म्हणाल्या. "माका काय एक होवचा नाय."

सगळं झालं. यादीतलं एकही कलम गोळीने सोडलं नाही. आठव्या दिवशी त्यांचा हात लागला तर बाप्तिस्त दचकून उठून बसले. रविवारी चर्चमध्ये शांतीची खूण म्हणून शेजाऱ्याशी हात मिळवायचा असतो. टीचरनी ज्यांच्याशी मिळवला ते तिघेही प्रार्थना संपताच त्यांच्या प्रकृतीची चौकशी करायला आले. आणि स्वप्नं? स्वप्नात सत्यवान सातवीच्या वर्गात उभा होता, त्याची सगळी गणितं बरोबर आली होती आणि टीचर त्याच्या डोक्यावरून मायेने हात फिरवत होत्या. सकाळी त्या संतापाने उठल्या. यंत्रावर नाडी होती चोपन्न.

हेच त्यांना सोसवत नव्हतं. राग गेला असता तर एक वेळ चाललं असतं. लोक म्हणतात ना, वय झालं, निवळली. पण राग होता तसाच होता, सगळा होता. फक्त पूर्वी तो आला की कान तापायचे, हात थरथरायचे, आवाज आपसूक टिपेला जायचा. आता तो नुसता डोक्यात बसून राहायचा आणि खालून कुणी कुमक पाठवायचं नाही.

गावाच्याही हे लक्षात येऊ लागलं, आणि गाव काही अनाथाश्रम चालवत नाही. टीचरच्या रागावर अर्ध्या वाडीचा संसार चालत असे. लाइट गेली की एलिना टीचरना पुढे करायची, आणि वायरमन जेवण सोडून यायचा. या वेळीही एलिनाने फोन लावून दिला.

"नमस्कार. आमच्याकडे कालपासून वीज नाही. सवडीने या," टीचर म्हणाल्या.

"सवडीने?" एलिनाने कपाळाला हात लावला. "टीचर, तेका सवड दिल्यास?"

वायरमन सवडीने, म्हणजे चौथ्या दिवशी आला. सुगंधा मासेवालीने कालची सुंगटं, म्हणजे कोळंबी, आजची म्हणून दिली, वर म्हणाली, "तुमच्यासाठी म्हणान ठेवलंय हां." ज्या सुगंधाने गेल्या वीस वर्षांत टीचरच्या टोपलीत शिळा मासा घालायची हिंमत केली नव्हती, ती! टीचरनी ती सुंगटं मांजराला घातली. मांजराने हुंगली आणि सोडून दिली.

आणि त्यातच नोटीस आली. टीचरनी गोळी अंगात मुरायच्या आधीच तहसीलदार कचेरीत अर्ज घातला होता, त्याला आता जाग आली होती. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मंडळ अधिकारी जागेवर येऊन पाहणी करणार, दोन्ही बाजूंचं ऐकून पंचनामा करणार. त्यावर गेटचा निकाल.

चारही घरांची माणसं टीचरच्या पडवीत जमली. तोंडं उतरलेली.

"कागद काय आसा आमच्याकडे?" बाप्तिस्तने विचारलं.

"कागद नाय," केव्हिन म्हणाला. "नकाशात पण वाट दिसणा नाय. आमच्याकडे एकच गोष्ट होती." त्याने टीचरकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. घरातली एकुलती एक बंदूक गंजली असताना पाहावं तसं.

"बोलतलंय मी," टीचर म्हणाल्या. "बावीस मुद्दे काढलंय."

"मुद्दे नको टीचर," एलिना कळवळून म्हणाली, "आवाज होयो! तो सत्यवान काय मुद्द्यांका भिता?"

केव्हिनने घसा खाकरला. "आंटी, एकच दिवस गोळी नाय घेतलंस तर?"

"खबरदार!" बाप्तिस्त ओरडले. साठ वर्षांच्या सोज्ज्वळ आयुष्यात, आणि त्यानंतरच्या दहातही, ते असे कधी ओरडले नव्हते. "डॉक्टरान सांगलेला आसा. बंद करूची नाय."

"बाप्तिस्त, तू गप रव," टीचर म्हणाल्या. "गुरुवारी मी गोळी घेवची नाय. ठरला."

ठरलं खरं. पण गुरुवारी पहाटे डोळा उघडला तोच टीचरना छातीत काहीतरी धप्प झाल्यासारखं वाटलं. झालं होतं की नाही देव जाणे. मात्र ती खुर्ची आठवली, तो गडगा आठवला, बाप्तिस्तचा सटकलेला पाय आठवला. त्या घाबरल्या. आणि घाबरल्याचा त्यांना इतका संताप आला की सांगता सोय नाही. त्यांनी गुपचूप डबी उघडली आणि गोळी पाण्याबरोबर गिळली. सांगितलं कुणालाच नाही. चार माणसांत छाती ठोकून बोललेली गोष्ट बाप्तिस्तसमोर मोडायची म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकून घ्यायचं.

इकडे बाप्तिस्त स्वयंपाकघरात वेगळ्याच विचारात. बायकोने गोळी टाळली तर तिचं काय होईल या काळजीने त्यांना रात्रभर झोप नव्हती. बोटीवर असताना एका हट्टी कप्तानाला ते आमटीतून औषध पाजत. त्यांनी पाकिटातली एक गोळी काढली, लाटण्याने बारीक केली, टीचरच्या चहात घातली आणि साखर जरा जास्त टाकली.

"चाय गोड झाली," टीचर म्हणाल्या.

"आज भांडूचा आसा मा," बाप्तिस्त म्हणाले.

अशा रीतीने, ज्या दिवशी एकही गोळी पोटात जायची नव्हती त्या दिवशी दोन गेल्या.

साडेदहाला टीचर पाणंदीत येऊन बसल्या, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत. मांडीवर हॉस्पिटलची खाकी फाइल. ती बाप्तिस्तने दिली होती. वाटेत काही झालंच तर डॉक्टरांचे कागद हाताशी असावेत, म्हणून. एलिनाने कौतुकाने यंत्र लावलं. तिची अपेक्षा शंभराच्या वरची.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली आणि यंत्र हलवून पुन्हा लावलं. पुन्हा अठ्ठेचाळीस. "टीचर, तुमी गोळी...?"

टीचरनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मान वळवायलाही त्यांना वेळ लागला. जमीन किंचित खालीवर होत होती, भरतीला होडी होते तशी. उठलो तर पडू, एवढं त्यांना स्वच्छ कळत होतं. पडलो तर गेट जिंकलं.

अकराला मंडळ अधिकारी आले, बरोबर तलाठी पूजा मॅडम. सत्यवानच्या बाजूने तो आणि त्याचे काका गणपत. गणपतकाकांनी सव्वीस वर्षं दिवाणी कोर्टात एका काजूच्या झाडासाठी काढली होती. झाड मधल्या काळात मेलं, दावा चालू होता. पंचक्रोशीत कुणाचंही भांडण असलं की त्यांचा सल्ला धरला जाई.

"बाई, अर्ज तुमचा आहे. बोला," अधिकारी म्हणाले.

सगळी वाडी श्वास रोखून उभी राहिली. सत्यवानने खांदे वर घेतले.

टीचरना बावीसच्या बावीस मुद्दे आठवत होते. त्यातला पहिला सत्यवानच्या चेहऱ्याकडे पाहूनच त्यांच्या डोक्यात भडकला होता. पण जीभ जड झाली होती. निदान वीस मिनिटं डोकं स्थिर व्हायला हवं होतं. त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "आधी त्यांचं लिहून घ्या."

"सगळं?"

"सगळं. एक शब्द गाळू नका. खाली सही घ्या."

एवढं बोलून त्यांनी डोळे अर्धे मिटले.

सत्यवानचे खांदे वरच राहिले. हे त्याच्या तयारीत नव्हतं. त्याने महिनाभर केवळ ओरड्याला उत्तर द्यायची तालीम केली होती. "लिहा साहेब," तो म्हणाला, "इथे वाट नव्हतीच. कधीच नव्हती."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. टीचर काहीच बोलल्या नाहीत. सत्यवानने त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे होती. पण ती गुरांची."

लिहिलं. टीचर गप्प. आतून त्या उकळत होत्या. गुरांची? पस्तीस वर्षांत वाडीतून शाळेला गेलेली पोरं काय गुरं होती? पण ही उकळी वर काही येत नव्हती.

"आणि माणसं जायची, ती आमच्या आजोबांच्या परवानगीने!" सत्यवानचा आवाज चढला. "उपकार म्हणून! तुमच्या अर्जात काय ता म्हणा, माका कोणाचो भय नाय! माझी जागा, माझो गेट!" साहेबांसमोरची मराठी त्याच्या हातून केव्हाच सुटली होती. तो तांबडा झाला होता आणि हातवारे करत होता.

"बरं," टीचर म्हणाल्या. तेवढंच त्यांना जमलं.

अधिकाऱ्यांचं लक्ष फाइलकडे गेलं. "त्यात काय आहे? दाखल करायचं आहे?"

"आता नको," टीचर म्हणाल्या. "वेळ आली तरच उघडायची."

गणपतकाकांनी सत्यवानला दंडाला धरून फणसाखाली ओढलं. ते हळू बोलत आहेत असा त्यांचा समज होता. कोर्टात जन्म गेल्याने त्यांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे सगळ्या वाडीला ऐकू गेलं.

"गप रव मेल्या! तुका काय दिसणा नाय? ईडा टीचर गप बसली हा. ईडा टीचर!"

"मगे?"

"मगे काय? सव्वीस वर्षां कोर्टात बघतंय मी. ज्याच्याकडे कागद नसता तो ओरडता. ज्याच्याकडे कागद आसता तो गप बसता आणि दुसऱ्याक बोलाक देता. वर सही घेवक सांगता! गेल्या महिन्यात ओरडली, तेवा तिच्याकडे काय नव्हता. आता गावलेलो आसा. फायल बघ कशी धरून बसली हा. जुनो कागद असतलो, संस्थानच्या वेळचो."

"गेट रवना नाय काय आमचा?"

"गेटाचा काय घेवन बसलंस! मोजणी इली तर तुझी संडासची टाकी अर्धी पाणंदीत आसा. ती निघतली. मगे तुझे गेस्ट खंय जातले, खाडीत?"

सत्यवान परत आला तेव्हा त्याचा तांबडेपणा ओसरला होता. "साहेब," तो म्हणाला, "ते आधीचं खोडा. आपण शेजारी शेजारी आहोत. वाट जुनी आहे, वहिवाटीची आहे, रिक्षा जाते. मी गेट उघडं ठेवीन. लिहून घ्या."

अधिकाऱ्यांना दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं. त्यांनी झरझर लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. टीचरनी सही केली तेव्हा त्यांचा हात लागून पूजा मॅडम दचकल्या. जाताना त्या हलकेच म्हणाल्या, "आदेश निघेल. पण वर दाद मागायला त्यांना मुदत असते. ती संपेपर्यंत टीचर, कृपा करून असंच शांत राहा."

कुलुपं निघाली. वाडीने टीचरभोवती गर्दी केली. एलिनाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"टीचर," ती गहिवरून म्हणाली, "तुमी पयल्यापासून अशा गप रवला असतास तर किती बरा झाला असता!"

टीचरनी तिच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं शाळा आणि चाळीस वर्षं वाडी, घसा फुटेपर्यंत ओरडून जे मिळवलं ते मिळवलं. आणि सगळ्यात मोठी लढाई जिंकली ती चक्कर येऊन. याचा राग कुणावर काढायचा? त्यांनी तोंड उघडलं, "एलिना..." म्हणाल्या, आणि खुर्चीतच कलंडल्या.

केव्हिनची रिक्षा पाणंदीतून थेट दवाखान्यापर्यंत गेली. गडगा नाही, खुर्ची नाही. पाऊण तासात सावंतवाडी.

तिथे डॉक्टरांसमोर टीचरनी एक गोळी कबूल केली, बाप्तिस्तने दुसरी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, औषध म्हणजे मसाला आहे का अंदाजाने घालायला? आणि टीचर, तुम्ही घेतली तर सांगायला काय झालं होतं? थोडं जास्त झालं असतं तर?" ते बराच वेळ बोलले. टीचरनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही, कारण शिक्षकाला दुसऱ्याचं योग्य रागावणं ओळखता येतं. संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवून, नाडी वर आल्यावर डॉक्टरांनी घरी सोडलं. "पूर्ण गोळी तुम्हाला जास्त होतेय. उद्यापासून अर्धी. बरं वाटेल."

बरं वाटलं. चौथ्या दिवशी टीचरचे हात कोमट होते. पाचव्या दिवशी दूधवाल्याने पाणी जास्त घातलं तेव्हा कान किंचित तापले, आणि टीचरना तरुण झाल्यासारखं वाटलं. पण त्या ओठ दाबून दुधाचं पातेलं आत घेऊन गेल्या. मुदत संपायची होती.

सहाव्या दिवशी सत्यवान केळ्यांचा घड घेऊन आला. कुलुपं निघाली असली, तरी गेटची दोन्ही दारं अजून बिजागऱ्यांवर उभीच होती. पडवीत चहाचा कप हातात घेऊन तो इकडेतिकडे पाहू लागला. गणपतकाकांनी पाठवलं होतं, हे न सांगताही कळत होतं. वैद्याने नाडी पाहावी, तसा तो टीचरचा राग तपासायला आला होता.

"टीचर, त्या पंचनाम्याक तसो काय अर्थ नाय म्हणतत वरती," त्याने सुरुवात केली.

टीचरच्या छातीत एक ठोका मोठा पडला. "असतला," त्या म्हणाल्या.

"आणि गेट मी उघडा ठेवलंय ता उपकार म्हणान हां."

दोन ठोके. टीचरनी खुर्चीचे हात धरले. एलिनाचं यंत्र असतं तर आता नव्वद दाखवलं असतं. अर्धी गोळी बिचारी एकटी किती पुरी पडणार? "बरं," त्या म्हणाल्या.

सत्यवान जरा पुढे सरकला. मनातली शेवटची गोष्ट काढावी की नाही, असं त्याला झालं असावं. मग त्याने काढली. "खरा सांगू? शाळेत तुमी नुसत्या ओरडायच्यास. शिकवक तुमका काय येय नव्हता. माझा गणित तुमच्यामुळे गेला."

आत बाप्तिस्तच्या हातातली पळी खाली पडली.

टीचरचे कान पेटले. हात थरथरले. आवाज गळ्याशी येऊन उभा राहिला, महिनाभराचा साठलेला, संपूर्ण, सणसणीत आवाज, आणि त्याला अडवणं आता अर्ध्या गोळीच्या आवाक्यात नव्हतं. तोंड उघडलं की सत्यवान उडाला असता. पण ओरडली म्हणजे कागद नाही, हे कळून गेटाला परत कुलूप लागलं असतं, आणि गडग्यावर पुन्हा म्हाताऱ्या बाप्तिस्तचा पाय.

"चाय घे रे सत्यवान," त्या म्हणाल्या. "साखर बरी आसा मा?"

सत्यवानचा चेहरा पांढरा पडला. "टीचर... ती फायल..."

"कपाटात आसा," टीचर म्हणाल्या. "कुलपात."

त्याने अर्धा कप तसाच ठेवला, केळी तशीच ठेवली आणि चपला हातात घेऊनच तो पाणंदीतून पळाला. तासाभराने टेम्पो आला. केव्हिनने रस्त्यावरून फोन करून सांगितलं की गेटची दारं, चौकट, सगळं काढून टेम्पोत भरताहेत आणि गणपतकाका उभे राहून घाई करताहेत.

टीचरनी फोन ठेवला. अंग अजून थरथरत होतं. स्वयंपाकघराच्या दारात बाप्तिस्त उभे होते.

"बाप्तिस्त," टीचर म्हणाल्या, "खिडक्यो बंद कर."

बाप्तिस्तने रस्त्याकडची खिडकी बंद केली, मग खाडीकडची, मग स्वयंपाकघरातली. दाराला अडसर घातला आणि फटीत गोणपाट सरकवलं. टीचरसाठी तांब्याभर पाणी भरून टेबलावर ठेवलं, आपल्यासाठी एक खुर्ची ओढली आणि समोर बसून म्हणाले, "बोल गो आता."